केवडा, मोगरा आणि सुरतेचे बंदर : उष्णकटिबंधीय फुलझाडांच्या वाळवंटातील वसाहतीचा इतिहास

सुरतेचा इतिहास आजवर मुख्यतः कापड, नीळ आणि चांदी यांच्या हिशेबातून लिहिला गेला आहे. ते स्वाभाविकच होय, कारण इंग्रज आणि डच वखारींच्या ज्या नोंदवह्या अभ्यासकांच्या हाती आल्या त्या व्यापाऱ्यांनी व्यापाऱ्यांसाठी लिहिलेल्या होत्या. मराठी वाचकाला सुरत आठवते ती १६६४ आणि १६७० या दोन सालांमुळे. मुस्लिम वाचकाला ती आठवते 'बाब-उल-मक्का' म्हणून, म्हणजे हज यात्रेचा दरवाजा म्हणून. या तिन्ही चित्रांत एका गोष्टीला जागा मिळालेली नाही. ती म्हणजे या बंदराच्या परिसरातील बागा आणि त्या बागांतील झाडे समुद्रापलीकडच्या रखरखीत किनाऱ्यावर कशी रुजली, ही हकीकत. लाल समुद्राच्या काठी, जिथे पाऊस नाममात्र आणि उन्हाळा जीवघेणा, तिथे आज मोगऱ्याचे गजरे विकले जातात आणि नववधूच्या केसांत केवडा माळला जातो. ही दोन्ही फुले अरबस्तानची मूळ रहिवासी नव्हेत.

हिंदी मुसलमानांच्या इतिहासाविषयी शाळा-महाविद्यालयांतून जे सांगितले जाते त्यात एक एकतर्फीपणा असतो. अरबस्तानातून इकडे धर्म आला, भाषा आली, घोडे आले, कहवा आला. इकडून तिकडे काय गेले, याचे उत्तर कापड आणि तांदूळ यांपुढे सहसा जात नाही. फुलझाडांचा मागोवा घेतला तर हे उत्तर बरेच लांबते.

सुरत हे वाळवंट नव्हे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. तापीच्या मुखाजवळच्या या गाळाच्या भूमीत पावसाळा चांगला असतो. परंतु तो चार महिन्यांचा. ऑक्टोबरपासून जूनपर्यंत झाड जगते ते विहिरीच्या पाण्यावर, आणि समुद्र जवळ असल्याने ते पाणीही पुष्कळ ठिकाणी मचूळ. उत्तरेकडे सरकत जावे तसा कोरडेपणा वाढतो. १६१८ साली अहमदाबादेत मुक्काम पडलेला जहाँगीर बादशहा त्या हवेने इतका त्रासला की त्याने आपल्या आत्मचरित्रात त्या शहराला गर्दाबाद, समूमिस्तान, जहन्नुमाबाद अशी एकाहून एक नावे बहाल केली. समूम म्हणजे वाळवंटातला जाळणारा वारा. काश्मीरच्या प्रेमात पडलेल्या बादशहाची ही अतिशयोक्ती म्हणून सोडून देता येईल. मात्र गुजरातच्या माळ्याला आठ कोरडे महिने काढण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या अवगत होती, आणि तीच या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मोट, हौद, पाट, आळे आणि आळ्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन ही त्या विद्येची साधी साधने होती.

अकबराने १५७३ साली सुरत जिंकली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १५७६ मध्ये, बाबराची कन्या आणि 'हुमायूननामा'ची लेखिका गुलबदन बेगम शाही स्त्रियांच्या मोठ्या जथ्यासह सुरतेहून हजला निघाली. त्यापूर्वी पोर्तुगीज परवान्याच्या घोळामुळे या जथ्याला सुरतेत दीर्घकाळ थांबावे लागले होते. परतताना एडनजवळ त्यांचे जहाज फुटले आणि त्या उजाड बंदरात त्यांना बराच काळ काढावा लागला. बापाच्या बागांची हौस जवळून पाहिलेल्या या स्त्रीला सुरतेची हिरवाई आणि एडनचा काळा खडक या दोन्हींचा अनुभव एकाच प्रवासात आला. पुढे शाहजहानने सुरत बंदराचे उत्पन्न जहानआरा बेगमेला दिले. तिच्या मालकीचे 'साहिबी' नावाचे जहाज याच मार्गावर चालत असे. शहरातील बेगमपुरा हा भाग तिच्याच नावाने ओळखला जातो, असे परंपरा सांगते. १६४४ मध्ये हकीकतखानाने बांधलेली मुघल सराई तर आजही उभी आहे, आणि एकोणिसाव्या शतकापासून तेथे नगरपालिकेचे, पुढे महानगरपालिकेचे कार्यालय आहे.

जहाजावरून रोप नेणे ही सोपी गोष्ट नव्हती. सुरतेची जहाजे साधारणतः मार्चच्या सुमारास, नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होण्यापूर्वी, मोखा आणि जेद्दाहकडे निघत आणि पावसाळ्याच्या अखेरीस परतत. प्रवास काही आठवड्यांचा. यात्रेकरूंनी भरलेल्या जहाजावर गोडे पाणी मोजून मिळे. अशा पाण्यातला हिस्सा एखाद्या कुंडीला मिळायचा तर त्या रोपाची कुणाला तरी मनापासून गरज असली पाहिजे.

मोगऱ्याच्या बाबतीत असे कुणीतरी होतेच, हे वनस्पतिशास्त्रच सांगते. लागवडीतला मोगरा क्वचितच बी धरतो. दुहेरी पाकळ्यांचा बटमोगरा तर जवळजवळ वांझच. त्याची पैदास छाटाने किंवा दाब-कलमाने करावी लागते. धान्याच्या पोत्यात चुकून पडलेल्या बियांतून पुष्कळ तण एका खंडातून दुसऱ्या खंडात गेले आहे, परंतु मोगरा तसा जाऊच शकत नाही. अरबस्तानातील प्रत्येक मोगऱ्यामागे एक जिवंत फांदी, ओली माती आणि तिला पाणी घालणारा एक हात आहे. तो हात खलाशाचा होता, व्यापाऱ्याच्या बायकोचा होता की हाजीचा, ते इतिहास सांगत नाही. इतिहास तसाही माळ्यांची नावे फारशी सांगत नाही.

केवड्याची गोष्ट निराळी. त्याची नर आणि मादी झाडे वेगळी असतात, आणि घमघमणारे कणीस असते ते नराचेच. म्हणून सुगंधासाठी लावायचा तो बुंध्याशी फुटलेला नराचा फुटवा. हा फुटवा काटक असतो. खाडीकाठी, वाळूत, खाऱ्या वाऱ्यात वाढण्याची त्याला उपजत सवय असल्याने समुद्रप्रवास त्याला मोगऱ्याइतका जड जात नाही. कोकणातल्या ओहोळाकाठचे केवड्याचे बन ज्याने पाहिले आहे त्याला यमनमधल्या वाद्यांच्या काठी तो का रमला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता पलीकडचा किनारा पाहू. यमनच्या पश्चिमेला डोंगर आणि लाल समुद्र यांच्यामध्ये तिहामा नावाची सखल पट्टी आहे आणि ती उत्तरेकडे जीझानपर्यंत जाते. किनाऱ्यावर पाऊस फारच थोडा. पण मागच्या डोंगरांवर पाऊस पडतो आणि त्याचे पाणी वाद्यांतून अचानक लोंढ्याने खाली येते. या लोंढ्याला तिथे 'सैल' म्हणतात. मातीचे बांध घालून हा लोंढा शेतात फिरवायचा, गाळ आणि ओल दोन्ही धरून ठेवायची आणि उरलेले वर्ष विहिरीवर काढायचे, अशी तिथली शेतीची प्राचीन रीत आहे. ओॲसिसच्या बागेत सर्वांत वर खजूर, त्याच्या सावलीत लिंबू-डाळिंब आणि त्याखाली भाजीपाला, सुगंधी वनस्पती असे मजले असतात. खजुराची विरळ सावली दुपारचे ऊन चाळून घेते. मोगऱ्याला नेमके हेच हवे असते. सकाळचे ऊन भरपूर, दुपारी थोडा आडोसा, संध्याकाळी पाणी, आणि मुळांशी पाणी तुंबू नये म्हणून रेताड जमीन.

मोगरा उष्णतेला भीत नाही, थंडीला भितो, हा मुद्दा येथे निर्णायक ठरतो. गुजरात-महाराष्ट्रात त्याचा बहर मार्च ते जून असतो, म्हणजे ऐन कडक आणि कोरड्या दिवसांत. जे झाड सुरतेच्या वैशाखात फुलते त्याला मोख्याच्या उन्हाचे नवल वाटण्याचे कारण नव्हते. तिहामात हिमकण पडत नाहीत, रात्री उबदार असतात आणि समुद्रामुळे हवेत दमटपणा असतो. नज्दच्या पठारावर, जिथे हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते, तिथे हेच झाड सांभाळणे अवघड. अरबस्तानातील सुगंधाची वाटणी त्यामुळे उंचीनुसार झालेली दिसते. उंच आणि थंड ताइफमध्ये गुलाब, आणि तापलेल्या सखल जीझान-लहजमध्ये मोगरा व केवडा. आपल्याकडे ही वाटणी ऋतूंनी केली आहे, तिकडे ती डोंगराने केली, एवढाच फरक.

या साऱ्याचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र एका डॅनिश मोहिमेतून मिळतो. डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याने पाठविलेली सहाजणांची मोहीम १७६१ च्या आरंभी कोपनहेगनहून निघाली आणि १७६२ च्या अखेरीस यमनमध्ये पोहोचली. तिच्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ पीटर फोर्स्काल हा लिनियसचा शिष्य. साध्या कपड्यांत, गाढवावर बसून तिहामा आणि कॉफीचे डोंगर त्याने पालथे घातले. त्याला अरबी येत होती आणि झाडाचे स्थानिक नाव विचारून टिपून घेण्याची त्याची शिस्त होती. सहा-सात महिन्यांतच, ११ जुलै १७६३ रोजी, यरीम गावी हिवतापाने त्याचा अंत झाला. तेव्हा तो अवघा एकतीस वर्षांचा होता. त्याचे हस्तलिखित त्याचा सहकारी कार्स्टेन नीबूर याने १७७५ मध्ये प्रकाशित केले.

या ग्रंथात फोर्स्कालने यमनमध्ये सापडलेल्या एका सुवासिक झाडाला नवे शास्त्रीय नाव दिले आहे. ते नाव आहे 'केउरा ओडोरिफेरा'. उर्दू जाणणाऱ्याला हे नाव वाचून थबकायला होईल. केउरा म्हणजे केवडा! उर्दूतील 'केवड़ा', मराठीतील 'केवडा', 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजलने सुगंधी फुलांच्या यादीत सेवती, चंबेली, रायबेल, मुंगरा, चंपा आणि केतकी यांच्या बरोबरीने नोंदविलेला केवडा तो हाच. अरबीत या झाडाला 'कादी' असे जुने नाव आहेच. तरीही हिंदुस्थानात कधी पाऊल न ठेवलेल्या माणसाने यमनमध्ये त्याला हिंदुस्थानी नाव द्यावे, याचा अर्थ ते नाव झाडाबरोबर समुद्र ओलांडून आले होते आणि अठराव्या शतकात तिकडे चालू होते. पुढे शास्त्रज्ञांनी या झाडाचा समावेश मलय शब्दावरून आलेल्या 'पांडानस' या वंशात केला आणि 'केउरा' मागे पडले. फोर्स्कालने दिलेले विशेषण मात्र आजच्या मान्य नावात टिकून आहे. आपल्या गणपतीपुढच्या केवड्याचा शास्त्रीय जन्मदाखला अशा रीतीने यमनमधला आहे.

मोहिमेचे उरलेले लोक १७६३ च्या ऑगस्टमध्ये मोख्याहून जहाजाने मुंबईस निघाले. दोघे वाटेत समुद्रावर वारले, एक मुंबईत. एकटा नीबूर उरला, आणि तो १७६४ मध्ये सुरतेस आला. तेथील एका आधीच्या नवाबाने पाच लाख रुपये खर्चून केलेली बाग त्याने पाहिली. तिच्यात त्याला काहीच शिस्त दिसली नाही. हौद आणि कारंजी सोडली तर इमारती, हमामखाने, जनानखान्याचे चिंचोळे बोळ आणि लहानलहान फळबागा यांची नुसती सरमिसळ आहे, असा त्याचा शेरा. नीबूर हा नकाशे काढणारा गणिती. त्याने बागेत सरळ रेषा शोधल्या. ज्याच्या पदरी झाडे ओळखण्याचे ज्ञान होते तो यरीमच्या मातीत पडला होता. फोर्स्काल जगता तर यमनमध्ये टिपलेल्या झाडांची माहेरची माणसे त्याला सुरतेच्या त्या बागेत भेटली असती, आणि दोन किनाऱ्यांच्या फुलझाडांचा तौलनिक इतिहास अडीचशे वर्षांपूर्वीच लिहिला गेला असता. हे नुकसान फारसे कुणी मोजलेले नाही.

नावांचा पुरावा वापरताना सावधगिरी हवी, हेही सांगितले पाहिजे. मोगऱ्याला यमन, हिजाज आणि मिसरमध्ये 'फुल्ल' म्हणतात. हा शब्द संस्कृत 'फुल्ल' किंवा आपल्या 'फूल' या शब्दावरून गेला, असे मानण्याचा मोह होतो, आणि काही कोशकारांना तो झालाही आहे. शक्यता चांगली आहे. पण केवळ ध्वनिसाम्य म्हणजे सिद्धता नव्हे. उर्दू-मराठीच्या वर्गात असे जुळे शब्द दाखवून टाळ्या मिळविणे सोपे असते. 'केउरा'ची गोष्ट वेगळी, कारण तिथे शब्द आणि वस्तू दोन्ही एकाच पानावर, सालासह सापडतात. मोगऱ्याच्या शास्त्रीय नावातील 'साम्बॅक' हे पद अरबी-फारसी 'जंबक'वरून आले आहे. लिनियसने ते १७५३ मध्ये वापरले. इंग्रजीत तर हे फूल 'अरेबियन जास्मिन' म्हणूनच ओळखले जाते. हिंदुस्थानी फूल अरबांच्या हातून युरोपला मिळाले आणि युरोपने देणाऱ्याचेच नाव त्याला लावले. हिंदुस्थानी अंकांचे युरोपात जे झाले तेच मोगऱ्याचे झाले.

उलट दिशेची उदाहरणे मराठीतच आहेत. गुलबक्षी हा शब्द 'गुल-ए-अब्बास'चा मराठी अवतार, पण झाड अमेरिकेतले. गुलछडी मेक्सिकोची. गुलमोहर मादागास्करचा. तिन्ही झाडे दूरदेशीची, तिन्ही नावांच्या पुढे फारसी 'गुल', आणि आज मराठी अंगणात ती परकी आहेत असे कुणाला वाटतही नाही. चाफ्याची कथा याहून गुंतागुंतीची आहे. सोनचाफा इथला. परंतु बुंधा जाड, पाने लांबट आणि मोडल्यावर चीक गळणारा जो पांढरा चाफा देवळांच्या आवारात आणि कबरस्तानांत सारख्याच निष्ठेने उभा असतो, तो मूळचा अमेरिकन उष्णकटिबंधातला. उर्दूने त्याला गुलचीन म्हणून चीनच्या पदरात टाकले, मराठीने सोनचाफ्याचे नाव त्याला दिले. त्याच्या मांसल फांदीत पाणी साठलेले असते. तोडलेली फांदी कित्येक आठवडे कोरडी पडून राहिली तरी रुजते आणि रखरखीत महिन्यांत झाड पाने टाकून निजून राहते. आज जेद्दाह आणि दुबईच्या रस्त्यांकडेला तोच चाफा आणि बोगनवेल शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर वाढविलेली दिसते. लहजच्या शेतकऱ्याने लोंढा अडवून केलेली बाग आणि नळीच्या थेंबावर जगणारी ही शोभा यांना एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे. पहिली पाणी येईल तेवढीच वाढत असे.

सुरतेत एक वास्तू अशी आहे की जिच्याकडे या दृष्टीने सहसा कुणी पाहत नाही. डच दफनभूमीतील सर्वांत भव्य मकबरा हेंड्रिक व्हॅन ऱ्हीडे याचा आहे. घुमट, स्तंभ आणि सज्जे पाहून तो एखाद्या मुसलमान अमिराचा रौजा वाटावा. व्हॅन ऱ्हीडे हा डच कंपनीचा मोठा अधिकारी. डिसेंबर १६९१ मध्ये कोचीनहून सुरतेकडे येत असताना जहाजावर त्याचे निधन झाले आणि सुरतेत त्याला पुरण्यात आले. परंतु त्याची खरी ओळख म्हणजे 'हॉर्टस मलबारिकस', मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांचा ग्रंथ. पहिला खंड १६७८ मध्ये ॲमस्टरडॅमला निघाला आणि शेवटचा १६९३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. या कामात इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी ब्राह्मण होते. त्यांचे १६७५ चे प्रमाणपत्र ग्रंथात नागरी लिपीत छापले आहे. चित्रपटांवर झाडाचे नाव रोमन आणि मल्याळी लिपींबरोबर अरबी आणि नागरी लिपीतही दिलेले आढळते. केवड्याच्या जातीही या ग्रंथात 'कैदा' या मल्याळी नावाने येतात. अरबी आणि नागरी अक्षरे एका झाडाखाली शेजारी छापली गेली, ती सतराव्या शतकात आणि एका डच माणसाच्या हुकमाने. आजच्या क्रमिक पुस्तकांत मात्र असे पान शोधूनही सापडणार नाही.

सुरतेचे महत्त्व ओसरून मुंबईचे वाढले, तरी हा मार्ग बंद पडला नाही. १८३९ मध्ये इंग्रजांनी एडन घेतले आणि पुढे जवळजवळ शतकभर त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. मराठी माणसाला एडन माहीत आहे ते वासुदेव बळवंत फडक्यांच्या कारावासामुळे. १८८३ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. फडक्यांच्या तुरुंगाभोवती गवताचे पाते उगवत नव्हते, पण त्याच एडनच्या बाजारात मोगऱ्याच्या माळा येत. त्या येत उत्तरेकडच्या लहजहून, जिथे वादी तुबनचे पाणी पोहोचते. लहजच्या सुलतान घराण्यातील अहमद फदल अल-अब्दली, ज्यांना लोक 'अल-कुमंदान' म्हणत, हे कवी, संगीतकार आणि आपल्या प्रदेशाचे इतिहासकार. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले. शेतीचा त्यांना नाद होता आणि अल-हुसैनी येथील बागेसाठी त्यांनी हिंदुस्थानातून रोपे आणविली होती. तोवर वाफेची जहाजे आली होती आणि मुंबईहून एडन आठवड्याभराच्या अंतरावर आले होते. २०१५ मध्ये युद्ध एडन आणि लहजपर्यंत येऊन पोहोचले. एडनमध्ये लग्नाच्या दिवशी वराच्या गळ्यात घालायची माळ मात्र अजूनही फुल्लचीच असते, आणि केवड्याला तिकडचे लोक कादी म्हणतात.